दवाखान्याला दान द्या, पण पेशंटला विचारून

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मधून मधून बातमी असते की अमुक कंपनीने सरकारी दवाखान्याला मशीन दिलं, अमुक मंडळाने ॲम्ब्युलन्स दिली. देणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. आपल्या खान्देशात देणारी माणसं कमी नाहीत, जळगावचे दालमिलवाले, पाईपवाले, चटईवाले, सराफ, धुळ्याचे व्यापारी, नंदुरबारचे मिरचीवाले, सगळे काही ना काही देतात. त्या सगळ्यांना एक विनंती करायची म्हणून हे पत्र लिहितेय. मशीन द्याच, पण थोडे पैसे पेशंटचे आणि त्याच्यासोबत आलेल्या माणसाचे हाल कमी करायला पण वेगळे काढा.

माझी आई उन्हाळ्यात खान्देशातल्याच एका सरकारी दवाखान्यात ॲडमिट होती. ट्रीटमेंट चांगली झाली, डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातले मामा सगळे दिवसभर पळत होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि तशात नातेवाईक जिन्याखाली, पार्किंगमधे, जिथे सावली सापडेल तिथे चादर टाकून पडलेले. थंड पाण्याचं मशीन होतं पण बंद. कोणीतरी मनापासून दिलं असणार, पण ते बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, फिल्टर कोण बदलणार हे देताना ठरलंच नव्हतं. बायकांच्या वॉर्डात दोन खाटांच्या मधे पडदा नाही. ड्रेसिंग करायला सिस्टर आल्या की आई डोळे गच्च मिटून घ्यायची, समोरच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा तिथेच बसलेला असायचा, त्या पोराचा तरी काय दोष, त्याला उठून जायला बाहेर जागाच नाही. एका पडद्याला असे किती पैसे लागतात हो?

शेजारी धडगावकडचं एक जोडपं होतं, पावरी बोलणारं, मराठी जेमतेम. नवरा हातात चिठ्ठी घेऊन रक्त तपासायची खिडकी शोधत तीन मजले फिरला आणि तोपर्यंत खिडकी बंद झाली, म्हणजे तपासणी उद्यावर गेली आणि रोजंदारी पण बुडाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमधे उपचार मोफत झाले हे फार चांगलं झालं, पण लांबून आलेल्या माणसाचा येण्याजाण्याचा, थांबण्याचा, बाहेरच्या जेवणाचा खर्च तर आहेच ना. तिथे दारातच अहिराणी, पावरी, भिली बोलणारी दोन माणसं बसवली, की "भाऊ, रगत तपासाले कथा जावानं" (रक्त तपासायला कुठे जायचं) असं विचारणाऱ्याचा हात धरून ती त्याला खिडकीपर्यंत नेतील, तर डॉक्टरांचाही वेळ वाचेल. दोन माणसांचा वर्षाचा पगार ही काही फार मोठी रक्कम नाही, पण त्याचा फोटो काढता येत नाही म्हणून त्याला देणारा मिळत नाही असं मला वाटतं.

हे नवीन नाही. गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे आजही कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात, आपल्याकडचेही टाटाला जातात तेव्हा तिचा आधार घेतात. आजाऱ्यासोबत आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा पाहिजे हे बाबांना कोणी शिकवलं नव्हतं. आणि कोणाला हे सगळे वरवरचे लाड वाटत असतील तर सांगते, अमेरिकेत रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने १९८४ मधे एक अभ्यास छापला होता, पित्ताशयाच्या ऑपरेशनचे पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्याची जोरदार औषधं कमी लागली. पेशंट फक्त ४६ होते, छोटाच अभ्यास, पण झाड लावायला आपल्याला कोणी अडवलंय का?

पैसा कुठून येणार म्हणाल तर कायद्यातच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यात आरोग्य येतं, आणि कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्या असंही तिथेच लिहिलंय. शिवाय एखादं काम सुरू केलं की ते सुरू झाल्याच्या वर्षानंतर अजून तीन वर्षांपर्यंत चालवता येतं. म्हणजे पाण्याचं मशीन देताना पुढच्या तीन वर्षांची देखभाल पण त्याच मंजुरीत बसवता येऊ शकते, ती बसवाच, नाहीतर एका उन्हाळ्यात ते भंगार होतं. छोट्या देणगीदारांसाठी सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते, तिला देणगी घेता येते.

माझं म्हणणं एवढंच की काय द्यायचं ते देणाऱ्याने ऑफिसात बसून ठरवू नये. दरवर्षी एक रक्कम ठेवावी आणि वॉर्डातल्या सिस्टर, मामा, सफाईवाल्या मावशी यांना सांगावं की तुमच्या वॉर्डात पेशंटला कशाचा त्रास होतो ते एका पानावर लिहून द्या, किती खर्च येईल तेही लिहा. पडदे, स्टूल, बाळंतिणीला गरम पाणी, रात्री नातेवाईकांना झोपायला शेड, संडासाच्या दाराला कडी, हो कडीच, आमच्या वॉर्डात नव्हती आणि बायका एकमेकींना दाराशी उभं करून जायच्या. दहा-वीस हजारांची कामं असतात ही, साहेबांच्या टेबलापर्यंत कधी पोचत नाहीत. समितीने त्यातली निवडावी, आणि पैसे कशावर गेले ते ओपीडीच्या भिंतीवर लिहावं. सहा महिन्यांनी पेशंटलाच विचारावं, तेही समोर बसून त्यांच्या बोलीत. केंद्र सरकारने २०१६ मधे 'मेरा अस्पताल' म्हणून मोबाईलवरून पेशंटचं मत घ्यायची सोय काढली, चांगलीच आहे, पण सातपुड्यात ज्याच्या पाड्यावर रेंज नाही त्याचं मत त्यात कसं येणार?

आपल्या पेपरला एक विनंती आहे. तिन्ही जिल्ह्यांच्या सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टर आणि पेशंट लोकांना विचारून तुम्हाला काय हवंय याची यादी मार्चच्या आत छापा, कारण कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं आणि उरलेले पैसे कुठे द्यायचे याची शोधाशोध तेव्हाच सुरू असते.

आपली एक वाचक,
अमळनेर