बाँड्सचं नाव घ्यायला एवढं जड का जातं?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर बेसबॉलवर चक्क एवढा मोठा लेख आला हे बघून बरं वाटलं, नाहीतर आपल्या पेपरात आयपीएल असो नसो बाकीच्या खेळांची बोळवण कोपऱ्यातल्या चार ओळींवरच होते. पण लेखकाने शेवटी आज हयात असलेला सगळ्यात भारी बेसबॉलपटू म्हणजे जपानचा शोहेई ओतानी असं ठोकून देऊन विषय मिटवून टाकलाय, तिथे मात्र मला राहवलं नाही. मी बरीच वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतोय, इथल्या जायंट्स टीमचा फॅन आहे (म्हणजे थोडा पार्शल आहे हे आधीच समजून घ्या), आणि इथे हा वाद ऑफिसात कॉफीच्या मशिनपाशी कधीही पेटतो.

2024 च्या जूनपर्यंत वादच नव्हता खरंतर. जायंट्सचाच जुना दिग्गज विली मेज होता. तो 93 व्या वर्षी गेला आणि खुर्ची रिकामी झाली, मग त्याच डिसेंबरात रिकी हेंडरसनही गेला, ज्याने 1406 बेस चोरले (म्हणजे बॅटरने बॉल न मारताच पळून पुढचा बेस गाठला) आणि ज्याच्या जवळपासही कोणी पोचलेलं नाही. तेव्हापासून सगळे नवीन नाव शोधतायत, कोणी सँडी कोफॅक्स म्हणतं, कोणी ओतानी, कोणी पुहोल्स, एखादा ग्रेग मॅडक्स. आणि मला जे वाटतं ते सरळ सांगतो, ही सगळी धडपड एकच नाव घ्यायला लागू नये म्हणून चाललीय. जायंट्सचा बॅटर बॅरी बाँड्स.

आकडे बघा ना. 762 होमरन (आपल्या सिक्सरसारखा, बॉल थेट मैदानाबाहेर), इतके दुसऱ्या कोणाचेच नाहीत. एका सीझनमध्ये 73, तेही इतके कोणाचेच नाहीत. एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, सात वेळा. पण होमरनचं सोडा, बाँड्स काय चीज होती ते त्याला खेळूच न दिलेल्या बॉल्सवरून कळतं. बेसबॉलमध्ये 2017 च्या आधी पिचर (आपला बॉलर) मुद्दाम चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकटात पहिल्या बेसवर पाठवायचा, म्हणजे बाबा तू जा, तुझ्याशी पंगा नको. 2004 मध्ये बाँड्सला असं 120 वेळा पाठवलं, एका सीझनमध्ये! चाळिशीला आलेला माणूस, आणि त्या वर्षी तो शंभरदा बॅटिंगला आला असेल तर त्यातल्या जवळजवळ 61 वेळा बेसवर पोचला.

आणि 28 मे 1998 ची मॅच तर मी कोणालाही ऐकवतो. नववी इनिंग, दोन आऊट, अ‍ॅरिझोना 8-6 ने पुढे, तिन्ही बेसवर जायंट्सची माणसं उभी आणि बॅटिंगला बाँड्स. अशा वेळी चार बॉल बाहेर टाकायचे म्हणजे सगळे एकेक बेस पुढे सरकणार आणि समोरच्याला एक रन आयती हातात द्यायची, कोणी शहाणा मॅनेजर असं करत नाही. त्यांच्या मॅनेजरने, बक शोवॉल्टरने, ते केलं. 8-7. पुढचा बॅटर ब्रेंट मेन, त्याने बॉल चांगला मारला पण राइट फील्डला सरळ हातात गेला, मॅच संपली. म्हणजे शोवॉल्टरचं गणित बरोबर निघालं, बाँड्सला एक रन देऊन टाकणं हे बाँड्सला बॉल टाकण्यापेक्षा स्वस्त पडलं. असा हिशोब फारच थोड्या बॅटरबद्दल कोणी केलाय.

आता तुम्ही म्हणाल, स्टेरॉइड्स. हो, मुद्दा आहेच आणि मी तो झाकत नाही. इथून जवळच बर्लिंगेममध्ये खेळाडूंना स्टेरॉइड्स पुरवणारी बाल्को नावाची लॅब होती, 2003 मध्ये तिच्यावर धाड पडली, बाँड्सने ग्रँड ज्युरीसमोर सांगितलं की मी जाणूनबुजून काही घेतलं नाही, आणि खरं सांगू का, त्या उत्तरावर माझा काही विश्वास बसत नाही. 2011 मध्ये तपासात अडथळा आणल्याबद्दल त्याला दोषी ठरवलं, 2015 मध्ये ते अपिलात रद्द झालं. पण आरोप आहेत ते 1998 च्या सीझननंतरचे. आणि तोपर्यंतच त्याच्याकडे तीन एमव्हीपी, आठ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फील्डिंगचे पुरस्कार) होते, आणि 400 होमरन अधिक 400 स्टील्स (चोरलेले बेस) हे त्याच वर्षी पूर्ण झालं होतं, जे आजपर्यंत दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही. तिथेच रिटायर झाला असता तर पहिल्याच फटक्यात हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला असता.

ज्या काळात स्टेरॉइड्सचं हे सगळं चाललं होतं त्या काळचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, बड सेलिग, ते 2017 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले बरं का! बाँड्सला 2022 मध्ये पत्रकारांच्या शेवटच्या मतदानात 66 टक्के मिळाले, लागतात 75. त्याने हँक अ‍ॅरनचा सगळ्यात जास्त होमरनचा रेकॉर्ड मोडला तो 756 व्या होमरनचा बॉल एका फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलरला घेतला, त्यावर संशयाची चांदणी (*) कोरली आणि हॉल ऑफ फेमला देऊन टाकला. बॉल आत, माणूस बाहेर. याला काय म्हणायचं?

तसा हा किताब आधीपासूनच खेळापेक्षा प्रतिमेवर गेलेला आहे. 1969 मध्ये जो डिमाजिओला मतदानाने ग्रेटेस्ट लिव्हिंग प्लेयर, म्हणजे हयात असलेला सर्वश्रेष्ठ खेळाडू, ठरवलं तेव्हा टेड विल्यम्स हयात होता, मेज आणि अ‍ॅरन तर अजून खेळत होते. पण डिमाजिओचा सूट कडक, वागणं रुबाबदार, आणि पुढे कुठल्याही कार्यक्रमात आपली ओळख तशीच करून दिली पाहिजे हा त्याचा आग्रह असायचा. बाँड्स उलट, पत्रकारांशी तुसडा, आणि मतं द्यायची कोणी तर पत्रकारांनी.

पिचर कोफॅक्सबद्दल मला आदर आहे, 1965 ला योम किप्पूर हा ज्यूंचा पवित्र दिवस म्हणून वर्ल्ड सिरीजची (फायनलची) पहिली मॅच खेळला नाही, कोपराच्या दुखण्यामुळे तिशीत सोडून दिलं. पण खरी कमाल पाच-सहा वर्षांचीच.

राहिला ओतानी. त्याचा खेळ बघून मीसुद्धा वेडा होतो, तो आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी डॉजर्सचा असूनही. 17 ऑक्टोबर 2025 ला एकाच मॅचमध्ये पिचिंग करून दहा बॅटरना स्ट्राइकआऊट केलं आणि वर तीन होमरन मारले, हे शाळेच्या टीममध्येसुद्धा होत नाही हो. चार एमव्हीपी झाले. पण त्याचे होमरन 2025 अखेर 280, कोपराच्या ऑपरेशनमुळे पिचिंगची वर्षं गेली, करिअर अर्ध्यावर आहे. त्याला आताच सिंहासनावर बसवणं ही घाई झाली, आणि मला वाटतं ती घाई मुद्दाम केली जातेय, कारण तो हसतो गोड आणि त्याच्याबद्दल कोणाला काही वावगं बोलावं लागत नाही.

आणि जपानचंच नाव घ्यायचं होतं तर तुमच्या लेखकाला सदाहारू ओह आठवला नाही याचं नवल वाटलं. एक पाय उचलून उभा राहायचा, 868 होमरन, 1980 ला रिटायर झाला, आणि तोही हयात आहे. जपानची लीग अमेरिकेच्या तोडीची नव्हती म्हणून त्याला माझ्या यादीत बाँड्सच्या खाली ठेवेन, पण अर्ध्या पानाच्या लेखात निदान एक ओळ?

आपला,
एक वाचक,
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया