संगणक बंद करण्याचे बटण आणि आपल्याकडची लाईट

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळांमधील संगणक कक्षांविषयी आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात गेल्या काही आठवड्यांत बरेच लिहून आले. यंत्रे आहेत पण शिकवणारे नाहीत, यंत्रे जुनी झाली, कक्षाला बारमाही कुलूप असते, या तक्रारी रास्तच आहेत. मला ज्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे ती मात्र यांपैकी कशातच बसत नाही. संगणक बंद करताना पडद्यावर जे पर्याय समोर येतात, ते कोणत्या शब्दांत आणि कोणाची परिस्थिती गृहीत धरून मांडलेले असतात, एवढाच माझ्या पत्राचा विषय आहे. चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेचा संगणक कक्ष मी गेली १४ वर्षे सांभाळतो. यंत्र बिघडल्यामुळे मुलांचे जेवढे काम गेले, त्याहून अधिक काम यंत्र बंद करण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात गेले, असा माझा अनुभव आहे.

सातवीतील एका मुलीने दोन तास खपून निबंध टंकलिखित केला होता. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा तिने बंद करण्याच्या यादीतून 'स्लीप' निवडले, कारण त्या यादीतला तेवढाच शब्द तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात येऊन गेलेला होता. पडदा काळा झाला, पंख्याचा आवाज थांबला, आणि यंत्र बंद झाले असे तिला वाटले; माझे लक्ष नसते तर मलाही तसेच वाटले असते. प्रत्यक्षात तिचा निबंध त्या वेळी यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये होता, आणि ती स्मृती टिकून राहण्यासाठी थोडीशी वीज सतत लागते. पाच वाजता शिपाईमामांनी नेहमीप्रमाणे कक्षाचे मेन स्विच बंद केले. त्यांनी ते केले नसते तरी सायंकाळी लाईट गेलीच होती. दुसऱ्या दिवशी यंत्र नव्याने सुरू झाले आणि निबंध कुठेच नव्हता. त्या मुलीने मला विचारले, "सर, मी तर बंद केलं होतं ना?" या प्रश्नाला माझ्याजवळ प्रामाणिक उत्तर नव्हते. तिने काहीही चूक केली नव्हती.

'स्लीप' आणि 'हायबरनेट' यांतला फरक शिकवणाऱ्याला माहीत असतो. दुसऱ्या प्रकारात रॅममधील सगळा मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि मग वीज पूर्ण तोडली तरी बिघडत नाही. घरच्या डेस्कटॉपसाठी या दोहोंचा मेळ घालणारी 'हायब्रिड स्लीप' नावाची सोयही आहे, तीत काम रॅममध्ये राहते आणि डिस्कवरही उतरते. परंतु समोरच्या यंत्रावर ती सोय चालू आहे की नाही, हे बंद करण्याच्या यादीकडे पाहून कोणालाही कळणार नाही. यादीत यंत्राच्या अवस्थांची नावे असतात. बसणाऱ्या माणसाला मात्र त्या क्षणी एकच जाणून घ्यायचे असते, की आता लाईट गेली तर माझे काम राहील का. भिंतीतून चोवीस तास वीज येणार हे जिथे धरून चालता येते, तिथे हा प्रश्न मनात न येणे समजण्यासारखे आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारभर कूलर, पंप आणि इन्व्हर्टर यांच्या हिशेबात दिवस काढणाऱ्या खान्देशात तो प्रश्न सर्वांत आधी येतो.

हे पर्याय कसकसे बदलत गेले, हे मी शिकणारा म्हणून आणि नंतर शिकवणारा म्हणून जवळून पाहिले. विंडोज ९५ च्या काळात सगळे आवरून झाले की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत, आता संगणक बंद करण्यास हरकत नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ येत असे आणि मग आपण स्वतःच्या हाताने बटण दाबायचे. त्यामागे तांत्रिक अडचण होती: त्या वेळच्या एटी पद्धतीच्या वीजपुरवठ्याला सॉफ्टवेअरकडून बंद करता येत नसे. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेली एटीएक्स रचना पुढे रुळली, यंत्र स्वतःच बंद होऊ लागले आणि ती ओळ गेली. सोय झाली हे खरे, पण एक गोष्ट हातची गेली असे मला आजही वाटते, कारण यंत्र आपले काम संपल्याचे पूर्ण वाक्यात सांगत असे आणि तोवर माणूस थांबत असे. २००१ मधील विंडोज एक्सपीत पिवळे, लाल आणि हिरवे अशी तीन मोठी बटणे होती आणि त्यांच्यामागचा पडदा हळूहळू करडा होत जाई, त्यामुळे काहीतरी महत्त्वाचे विचारले जात आहे हे लहान मुलालाही उमगे. मात्र तिथेही हायबरनेटचा पर्याय शिफ्ट कळ दाबून धरल्याशिवाय दिसत नसे. लाईटचा भरवसा नसलेल्या माणसाला जो पर्याय सर्वांत उपयोगाचा, नेमका तोच झाकलेला होता.

पुढे विंडोज व्हिस्टात दोन चिन्हांची बटणे आणि बाणामागे सात ओळींची यादी आली. त्यांतले विजेच्या चिन्हाचे बटण मुळात यंत्र बंद करत नसे, ते झोपवत असे. विंडोज ७ मध्ये बटणावर 'शट डाउन' हे शब्दच लिहिले गेले आणि शिकवणे फार सोपे झाले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तोच पर्याय पडद्याच्या उजव्या कडेला, कोपऱ्यात माउस नेल्यावर उघडणाऱ्या पट्टीत, तिच्यातल्या सेटिंग्जमध्ये गेला, आणि २०१४ च्या सुधारणेत तो पुन्हा समोर आणावा लागला. दोष एकाच गोटाचा नाही. लिनक्स या मुक्त प्रणालीवरील ग्नोम ३ या पडद्याच्या मांडणीत २०११ साली संगणक पूर्ण बंद करण्याची ओळ ऑल्ट कळ दाबून धरल्यावरच दिसे, कारण माणसाने यंत्र बंद करण्याऐवजी निलंबित, म्हणजे झोपवून ठेवावे असे रचनाकारांचे मत होते. लॅपटॉपला बॅटरी असते, तिथे ते मत चालूनही जाईल.

नावाचा आणखी एक घोळ आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. कोणतेही यंत्र अडले की आपण सांगतो, "बंद करून परत चालू करा." विंडोज ८ पासून यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाउन' दाबल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, गुंता झाला असेल, तर रोज संध्याकाळी इमानेइतबारे संगणक बंद करणाऱ्या लिपिकाच्या यंत्रात तो गुंता आठवडाभर तसाच राहू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये यंत्र किती काळ चालू आहे ते पाहावे, तर तिथे कित्येक दिवसांचा आकडा निघतो. याउलट 'रीस्टार्ट' दाबले की सगळे खरोखर नव्याने सुरू होते. जे बटण बंद करण्याचे म्हणवते ते पूर्ण बंद करत नाही, आणि जे परत सुरू करण्याचे म्हणवते त्यानेच जुने सगळे पुसले जाते, हे मी मुलांना दरवर्षी समजावतो आणि दरवर्षी त्यांच्या चेहऱ्यावर तोच अविश्वास पाहतो. सोय चांगल्या हेतूने आणली आहे, तिचे नाव मात्र बदलायला हवे होते.

एक चूक माझीही सांगतो. या गोंधळावर उपाय म्हणून मी प्रत्येक यंत्राच्या पडद्यावर 'काम संपले, बंद करा' असे मराठी नाव दिलेला शॉर्टकट ठेवला आणि त्यामागे शटडाउनची आज्ञा लिहिली. मुलांना विचार बदलायला अवधी मिळावा म्हणून त्या आज्ञेत ६० सेकंदांची मुदत घातली. पहिल्याच आठवड्यात दोघांचे तक्ते गेले. नंतर वाचल्यावर कळले, की शून्याहून अधिक मुदत दिली की ती आज्ञा उघडे प्रोग्रॅम न विचारता बळाने बंद करते. मुदत शून्य केली तेव्हा यंत्र जतन न केलेल्या कामापाशी अडून विचारू लागले. सावधगिरी म्हणून केलेली गोष्टच घातक ठरली, आणि ते समजण्यासाठी मला संदर्भपुस्तिका उघडावी लागली. तेव्हापासून मी मुलांना दोष देणे थांबवले.

यंत्र अडून विचारते तेव्हाही ते नीट विचारत नाही. निळ्या पडद्यावर उघड्या प्रोग्रॅमची नावे येतात आणि खाली इंग्रजीत दोन बटणे येतात, एक तरीही बंद करण्याचे आणि दुसरे रद्द करण्याचे. शेवटची एसटी चुकेल या घाईतले मूल पहिले बटण दाबते. त्याला 'कॅन्सल' म्हणजे आपले काम रद्द होणार, असे वाटते. त्या जागी 'निबंध अजून जतन केलेला नाही' हे वाक्य आणि 'परत जाऊन जतन करतो' व 'निबंध सोडून देऊन बंद करतो' अशी दोन बटणे असती, तर मी आज हे पत्र लिहिले नसते.

चिन्हांवर सगळा भार टाकणेही योग्य नाही. विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात उभी रेघ म्हणजे चालू आणि वर्तुळ म्हणजे बंद. रेघेने वरून छेदलेले वर्तुळ मुळात सज्ज अवस्थेसाठी होते, म्हणजे वीज पूर्ण तुटलेली नाही असे सांगण्यासाठी. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २००४ मधील १६२१ क्रमांकाच्या मानकाने त्यालाच सर्वसाधारण विजेचे चिन्ह मानले आणि झोपेसाठी चंद्रकोर सुचवली. चंद्रकोर मुलांना लगेच कळते. तुटक्या वर्तुळाकडे पाहून मात्र काहीच कळत नाही, ते पाठ करावे लागते.

शब्दांच्या बाबतीत मराठीला उधारी करण्याची गरज नाही. आपण दार नुसते लोटून घेतो, कडी लावतो किंवा कुलूप लावतो, आणि या तिन्हींत कोण आत येऊ शकेल व आपण किती वेळाने परतणार आहोत, हे घरातील आजीलाही न सांगता समजते. 'निद्रा' आणि 'शीतनिद्रा' हे शब्दशः केलेले अनुवाद यंत्राविषयी बोलतात. 'थोड्या वेळाने परत येतो, लाईट गेली तर काम जाईल', 'उद्या येथूनच पुढे, लाईट गेली तरी चालेल', 'पूर्ण बंद' आणि शाळेसाठी अत्यंत गरजेचे असे 'दुसऱ्याला बसू द्या', एवढ्या चार ओळी माझ्या कक्षात पुरतात. ओळी लांब आहेत हे मला मान्य आहे. पर्याय एकच ठेवावा आणि बाकीचे यंत्राने ठरवावे, असेही काही जाणकार म्हणतात. ते मला पटत नाही, कारण आमच्या गावची लाईट केव्हा जाईल हे यंत्राला माहीत नसते. अपडेट बसवून बंद करण्याचा पर्याय येतो तेव्हा किती मिनिटे लागतील हेही तिथेच लिहिलेले असावे, म्हणजे मेन स्विच बंद करायला आलेला माणूस वाट पाहायची की नाही ते ठरवू शकेल.

शाळांसाठी आणि गावोगावच्या सेवा केंद्रांसाठी संगणक व मराठी प्रणाली ज्यांच्या शिफारशीने खरेदी होतात, त्यांना माझी विनंती आहे, की यंत्राची स्मृती आणि वेग तपासता तसा बंद करण्याचा पडदाही एकदा सातवीच्या मुलासमोर ठेवून तपासावा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सहकारी शिक्षकांना विनंती अशी, की आपली मुले या पर्यायांना आपसांत कोणत्या नावाने ओळखतात ते या सदरातून कळवावे. आमच्याकडची अहिराणी बोलणारी मुले पूर्ण बंद करण्याला 'बंद करी टाक' आणि नुसते लॉक करण्याला 'कडी लाव' म्हणतात, आणि दुसरा शब्द मी आता फळ्यावरही लिहितो.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक,
चोपडा तालुका, जि. जळगाव