सूचना : 3 मार्चचा कार्यक्रम

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, जमशेदजी टाटांच्या जयंतीनिमित्त 3 मार्चला संध्याकाळी ठीक 6 वाजता वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान आहे. पोलाद आणि ताजमहाल हॉटेलच्या कथा सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे या वेळी भर नागपूरच्या एम्प्रेस मिलवर. 1877 ला सुरू झालेल्या या कापड गिरणीत त्यांनी हवा दमट ठेवणारी यंत्रे आणि आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले, 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. तेव्हा असा कायदाच नव्हता! परदेशी शिक्षणासाठी 1892 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या निधीबद्दलही बोलणे होईल. गिरणीत पूर्वी घरचे कोणी कामाला होते, तर जुने फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या जरूर आणा. चहा आहे. मोबाइल बंद ठेवावेत, मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा.

– कार्यवाह