पोहायला ये, पण मोरी बंद असताना

मंगळवार पेठ, कोल्हापूर
9 ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत ऑफिसची बारा-चौदा माणसं घेऊन येतो, आपल्या बांधाच्या पाण्यात पोहू, कुठून तरी होडी बघ, रात्री काठावर तंबू टाकू, रस्सा तुझ्याकडं. असा तुझा हुकूम. रश्श्याची काळजी नको. बाकीच्याला मी फोनवर नुसतं "बघू" म्हणालो, तर तू लगेच "पैलवान भ्याला" म्हणून मोकळा झालास. भ्यालोय हे खरं आहे. फोनवर कारण सांगत बसलो असतो तर तू मधेच चेष्टेवर नेलं असतंस, म्हणून कागद घेतला.

सातवीची उन्हाळ्याची सुट्टी आठवते का? पाठीला डबा बांधून पोहायचे दिवस संपले होते आणि आपण दोघं स्वतःला मासे समजत होतो. पाणी आटून दीड पुरुष उरलेलं. तळाची माती मुठीत धरून वर यायचं, अशी पैज. तू मोरीपाशी, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या पाइपाच्या तोंडापाशी, बुडी मारलीस आणि वर येईनास. मी शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. किती मोजले ते आठवत नाही. मग तू एकदम बुचासारखा वर आलास, टाच सोललेली, तोंड पांढरं फट्ट. घरी सांगितलं, पिचिंगच्या, म्हणजे भरावाच्या आतल्या उतारावर रचलेल्या, दगडावरून पाय घसरला.

तुला कुणी सोडवलं ते मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. आण्णांनी सोडवलं, आणि त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. भरावाच्या पलीकडं ते उसाला पाणी पाजत होते. शेवटची सरी भरली, म्हणून त्यांनी चेंबरमधल्या व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. पाइपातला प्रवाह थांबला, ओढ गेली आणि तुझा पाय सुटला. आणखी दोन सऱ्या राहिल्या असत्या तर हे पत्र कुणाला लिहिलं असतं?

मध्यंतरी हिशेब केला. आपल्या मोरीचा पाइप एक फूट व्यासाचा. बांध भरला की त्याच्या तोंडावर 15 फूट पाणी असतं. ते तोंड कुणाच्या अंगानं पुरतं झाकलं गेलं आणि पलीकडं व्हॉल्व्ह उघडा असला, तर त्या अंगावर सव्वातीनशे किलोच्या वर दाब येतो. काठावरून दोघा-चौघांनी ओढून तो माणूस निघत नाही, आणि वरून बघणाऱ्याला पाणी अगदी शांत दिसतं. यंदा मोरीच्या तोंडाला मोठा लोखंडी पिंजरा बसवलाय, म्हणजे ओढ एका जागी न बसता पसरते. तरीही माझा नेम एकच: मोरी उघडी असताना पाण्यात कुणी उतरायचं नाही. व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी आणि कुलूप, आणि पोहणारे पाण्यात असेपर्यंत किल्ली माझ्या खिशात.

आता आषाढातली गोष्ट. ही फक्त भावाला आणि तुला सांगतोय, कारण चूक माझी होती.

बांधात मी रोहू-कटला सोडले होते. पावसाळ्यात सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, वाहायला लागला की मासे पाण्याबरोबर ओढ्यात जातात, म्हणून सांडव्याच्या तोंडावर आडवी जाळी मारली. बारीक, नायलॉनची, लोखंडी पाइपांना तारेनं आवळलेली. शहाणपणाचं काम केलं असं वाटून चार दिवस खूश होतो. मग तो तीन दिवसांचा पाऊस लागला. इकडं शहरात सगळ्यांचे डोळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याकडं, 39 फुटांची इशारा पातळी गेली, 43 ची धोका पातळी कधी गाठतेय. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले याची चर्चा. मीही मोबाइलवर तेच बघत बसलो होतो. आपल्या बांधाचा आकडा मात्र कुणीच बघत नव्हतं. तो मीच बघायचा होता.

रात्री दीडला खालच्या वाडीतून फोन आला, "दादा, ओढ्याला पाणी कमी कसं काय?" एवढ्या पावसात ओढ्याला पाणी कमी! पोटात गोळा आला. रंकाळ्यावरून बालिंगा, कळे, पुढं अंधारात चिखल तुडवत पोहोचलो तेव्हा भाऊ भरावावर बॅटरी घेऊन उभा. जाळीत पाला, फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाची तरी चप्पल. सांडवा बुचासारखा बंद. पाणी भरावाच्या माथ्यापासून फक्त एक वीत खाली.

मातीचा बांध आहे आपला, बाळ्या. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर बहुतेक वेळा निभावतं, कोल्हापुरी बंधारे तर दर पावसाळ्यात बुडतात. मातीच्या भरावावरून पाणी जायला लागलं की पलीकडचा उतार धुपत माथ्याकडं सरकतो आणि तासाभरातसुद्धा खिंडार पडू शकतं. आधी खालच्या अकरा घरांना उठवून देवळाकडं चढावर पाठवलं. मग कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक जांभळाला, आणि मी कोयत्यानं जाळीच्या कडेच्या तारा तोडल्या. तिसरी तार तुटली तसा सगळा कचरा पाइपांसकट गेला. दोर नसता तर मीही गेलो असतो. दोन तासांत पाणी हातभर उतरलं. मासे एकूण एक गेले. जाऊ देत.

सकाळी भरावाच्या पायथ्याला, जिथं कायम हिरवं गवत असतं तिथं, करंगळीएवढी धार दिसली. भाऊ लगेच चिकणमातीनं बुजवायला निघाला. नशीब, पाटबंधारेतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर गावातच असतात, त्यांनी थांबवलं. म्हणाले, मातीचा बांध थोडाफार पाझरतोच. पाणी जाऊ दे, पण माती जाऊ देऊ नकोस. तोंड बुजवलंस तर ते पाणी दुसरीकडून फुटेल. धारेवर आधी वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी असा थर घातला. मग बादली लावून वेळ मोजायला शिकवलं: 15 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते रोज वहीत लिहायचं, आणि पाणी काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघायचं. पाणी स्वच्छ असेल तर चहा घ्यायचा. गढूळ आलं तर भरावाची माती आतून निघतेय, मग चहा-बिहा सोडून लोकांना उठवायचं. सध्या बादली 50 सेकंदांत भरते आणि पाणी काचेसारखं आहे. वही तू आलास की दाखवतो. शाळेत कधी एवढी नेटकी वही ठेवली नव्हती.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि खापर फुटलं खेकड्यांवर. आपण दोघं किती हसलो होतो! खेकड्यांच्या आड लपणाऱ्यांवर हसायलाच पाहिजे. पण भरावात खेकडा, घूस, उंदीर बिळं करतात, पाण्याची पलीकडं जायची वाट त्यानं छोटी होते, हे खरंच आहे. म्हणून तर बिळं बघत फिरायचं असतं. आणि 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, भुदरगडात, मेघोलीचा तलाव फुटला, एक बाई गेली. ते तर सरकारी होते. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरच्या वरच्या धरणांना लागू आहे, 10 ते 15 मीटरमध्येही काही अटी बसल्या तरच. आपला आज्जानं बैलांच्या जोडीवर घातलेला 20 फुटांचा भराव त्यात कुठं बसतोय? तपासायला कुणी साहेब येणार नाही. साहेब मीच.

जांभळाचं दुखणं वेगळंच. आज्जीनं भरावाच्या माथ्यावर लावलेलं, त्यालाच त्या रात्री मी दोर बांधला. इंजिनिअर म्हणतात, मुळं भरावात शिरतात, झाड मेलं की मुळं कुजून आत पोकळ नळ्या राहतात. नुसतं तोडूनही भागत नाही, बुंधा-मुळं उकरून माती परत थराथरानं धुम्मसानं ठोकून भरायची. बरोबरच बोलतात. दोनदा कुऱ्हाड घेऊन गेलो आणि दोनदा जांभळं खाऊन परत आलो.

तर दिवाळीचं असं करू. चौदा माणसं नकोत, सहा आण, त्यात पोहता येणारी कोण ते आधी कळव. पोहायचं फक्त देवळाच्या बाजूच्या काठाला. तिथं मी दोर टाकून त्याला रिकामे पांढरे कॅन बांधलेत, त्याच्या अलीकडं छातीएवढं पाणी. पलीकडं एकदम खड्डा आहे. आज्जानं भरावाची माती बांधाच्या पोटातूनच उचलली होती, म्हणून एका पावलात कमरेवरून डोक्यावर पाणी जातं. गाळही तिथंच, पाय रुतला की बूट ठेवूनच निघतो. मोटारीचा स्टार्टर बंद आणि फ्यूज काढलेला असेल, कारण पाण्यातल्या वायरीवर माझा भरवसा नाही. सांडवा वाहत असेल तर त्या दिवशी पाणी लांबूनच बघायचं. बाटली काढायची असेल तर ती रात्री घरी, अंगणात. तंबू भरावावर किंवा खालच्या अंगाला नाही, वरच्या माळावर. होडीचं यंदा जमणार नाही. मेहुणे बोर्ड लावून पर्यटन करूया म्हणतात, दर माणशी तिकीट. जाळी लावणाऱ्या माणसानं लगेच तिकीट लावू नये, असं मी त्यांना सांगितलंय.

पुण्यात लाइफ जॅकेट भाड्यानं मिळत असतील तर सहा घेऊन ये, त्यातलं एक लहान मापाचं, भावाच्या धाकट्यासाठी. तो आणि त्याचे दोस्त मोरीच्या कट्ट्यावरून उड्या मारायला टपलेत. मी सांगितलं की "काका भितरा" म्हणतात. तू आलास की पहिल्यांदा त्यांना तुझी टाच दाखव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता