बक्षीसपत्र करताय? अट लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस द्यायची असेल तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडते. स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. सवलत चांगलीच आहे. पण ती मिळाल्यापासून ‘आत्ताच नावावर करून टाका, मागाहून कोर्टकचेरी नको’ एवढ्या सांगण्यावर साठी-सत्तरीतली माणसे घर देऊन मोकळी होऊ लागली आहेत. पुढे बिनसले की बक्षीसपत्र रद्द होईल का, याची चौकशी सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो, कारण याचे उत्तर त्यांनीच सही केलेल्या दस्तात असते.

दस्तलेखकांकडचा ठरलेला मसुदा काढून पाहा. ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, विनाअट, ताबा आजच दिला असे.’ यातला ‘विनाअट’ हा शब्द म्हाताऱ्या माणसाला सर्वांत महाग पडतो. नोंदलेले बक्षीसपत्र देणाऱ्याला आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. रद्दपत्र करायचे तर घेणाऱ्याचीही सही लागते, आणि ज्याच्याशी भांडण आहे तो ती कशाला देईल? उरते ते दिवाणी न्यायालय, तेही सत्तरीनंतर.

यावरचा उपाय आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ मध्ये आहे. साठी ओलांडलेल्या व्यक्तीने ‘मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा पुरवाव्यात’ या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाल्याचे मानून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. म्हणजे सगळी भिस्त अटीवर. डिसेंबर २०२२ मध्ये हरियाणातील रामती देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. आईने मुलींच्या नावे हक्कसोडपत्र केले होते; पण सांभाळण्याची अट होती, असे तिच्या अर्जात म्हटलेलेच नव्हते. दावा टिकला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात निकाल आईच्या बाजूने लागला. तिथे आई-वडिलांना हयातीपर्यंत सांभाळीन, असे वचनपत्र मुलाने दिल्याचे आईने पुढे आणले होते. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केले, ताबाही परत द्यायला लावला. हा कल्याणकारी कायदा आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा, असेही बजावले. तरी लक्षात घ्यावे, दस्त २०१९ चा होता आणि मधे उच्च न्यायालयात आई हरली होती. अट स्पष्ट लिहिलेली असती तर एवढी पायपीट बहुधा झाली नसती.

म्हणून मसुद्यातून ‘विनाअट’ काढून साधारण असा मजकूर घालावा: ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांची पत्नी यांना दोघांच्याही हयातीपर्यंत सदर सदनिकेत राहू द्यावे आणि अन्न, वस्त्र, औषधोपचार व देखभाल पुरवावी, या अटीवर हे बक्षीसपत्र करून दिले आहे. अट मोडल्यास २००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे ते रद्द होण्यास पात्र राहील.’

पत्नीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. बहुतेक घरे एकट्या नवऱ्याच्या नावावर असतात. दस्तात अट फक्त त्याच्यापुरती असेल, तर तो गेल्यावर ती कोणासाठी पाळायची, असा वाद काढायला जागा उरते. नेमके त्याच वेळी मागे राहिलेल्या बाईला घराची सर्वाधिक गरज असते.

दुसरी खबरदारी विक्री आणि कर्जाची. ‘घर विकायचे नाही’ अशी सरसकट बंदी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० पुढे टिकत नाही. त्यापेक्षा ‘आमचा हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून ठेवला आहे’ असे वाक्य घालावे. घेणारा उद्या बँकेकडे गेला तर वकिलाच्या शोध अहवालात, म्हणजे जुन्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालात, हा हक्क दिसतो आणि बँक सावध होते. त्यासाठी हे कलम दस्तात असावे, वेगळ्या साध्या कागदावर नको. नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक २ ची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्याची, प्रत घेऊन आपल्याजवळ ठेवावी.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मुलगा आई-वडिलांच्या आधी, मृत्युपत्र न करता गेला तर? हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्याची पत्नी, मुले आणि आई हे वर्ग १ चे, म्हणजे पहिल्या हक्काचे, वारस. वडील वर्ग २ मध्ये येतात. म्हणजे ज्या बापाने घर दिले, त्यालाच त्यात वारसा मिळत नाही. राखून ठेवलेला राहण्याचा हक्क त्याला इथेही उपयोगी पडतो.

हे सगळे वाचून ‘मग बक्षीसपत्र करायचेच कशाला?’ असे वाटले तर ते योग्यच आहे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि ते मरेपर्यंत कितीदाही बदलता येते. साक्षीदार लाभार्थी नसावेत, शक्यतो आपल्याहून तरुण असावेत. घर वाटून टाकण्याची घाई बहुतेक घरांत म्हातारे करत नाहीत, बाकीचे करतात. बँक कर्जाच्या करारात पानेच्या पाने अटी घालते तेव्हा आपल्याला अपमान वाटत नाही. आईने दोन ओळी मागितल्या की मात्र ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणून घरात अबोला सुरू होतो. नवऱ्याच्या तेराव्याच्या गडबडीत विधवेकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, तो प्रकार तर याहून वाईट. महिना-दोन महिने थांबा, असे तिला सांगणारे एक तरी माणूस तिथे असावे.

वाद झालाच तर अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात करायचा. तेच या कायद्याखालचे न्यायाधिकरण. वकील करण्याची गरज नाही, आणि स्वतःला जमत नसेल तर अधिकृत केलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज देऊ शकते. सोबत वयाचा पुरावा, दस्ताची प्रत, औषधांची बिले आणि दरमहा लागणाऱ्या खर्चाचा हिशेब जोडावा. रामती देवी प्रकरणातून धडा घेऊन अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: घर सांभाळण्याच्या अटीवर दिले होते, आणि अट अमुक तारखेपासून अमुक प्रकारे मोडली. निर्वाह खर्चाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, द्यायचा असतो. आदेश होऊनही रक्कम आली नाही तर ती देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा. पुढच्या महिन्यात देईल म्हणून वाट पाहत बसलात तर मुदत जाते. आदेशाविरुद्धचे अपील ६० दिवसांत. निर्वाहाची दरमहा कमाल १०,००० रुपयांची मर्यादा मात्र २००७ पासून तीच आहे. आज पूर्ण वेळच्या परिचारिकेचा पगारसुद्धा त्यात भागत नाही.

शासनाला यात खर्च जवळजवळ शून्य आहे. देणारा ६० वर्षांवरील असेल तर दुय्यम निबंधकांनी नोंदणीच्या वेळी दोन प्रश्न विचारावेत: देखभालीची अट घातली आहे का, आणि नसेल तर कलम २३ ची माहिती दिली गेली का? उत्तर दस्तातच नोंदवावे. हे प्रश्न विचारताना मुलाला टेबलापासून दूर उभे करावे. कलम २३ चा मराठी मजकूर कार्यालयात, अंगठा घेण्याच्या यंत्राशेजारी, मोठ्या अक्षरांत लावावा. ज्येष्ठ नागरिक संघांनीही सहली आणि वाढदिवसांच्या जोडीने वर्षातून एकदा मसुदा वाचनाची बैठक घ्यायला हरकत नाही. आणि ज्यांचे दस्त आधीच विनाअट झाले आहेत, त्यांनी मुलाने सांभाळण्याबद्दल लिहून दिलेले काही, अगदी मोबाइलवरचा संदेशसुद्धा, पुसून न टाकता जपून ठेवावा.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक, सांगली