मँचेस्टरच्या संगीतावरचा चित्रपट आणि आपले हॉल

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणीत हॉल घेऊन ‘ट्वेंटी फोर अवर पार्टी पीपल’ (२००२) दाखवू पाहणाऱ्यांसाठी हे पत्र. मायकेल विंटरबॉटमचा हा चित्रपट इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहराच्या पोस्ट-पंकपासून (म्हणजे पंक रॉकनंतरच्या संगीतापासून) नाचाच्या क्लबपर्यंतची गोष्ट सांगतो आणि त्यात अर्धं काम आवाजाचं आहे. आपल्याकडे डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली पेट्यांची भिंत. ती हॉलमध्ये उभी केलीत तर चित्रपट संपला म्हणून समजा.

कारण साधं आहे. जॉय डिव्हिजन या बँडच्या रेकॉर्डचा निर्माता मार्टिन हॅनेट ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा, कोरडा मुद्रित करायचा आणि मग डिजिटल डिलेने (आवाज किंचित उशिरा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राने) त्याभोवती हवी तेवढीच पोकळी निर्माण करायचा. ती पोकळी ऐकू येणं हाच त्यातला आनंद. न्यू ऑर्डर या बँडचं गाणं ‘ब्लू मंडे’ (१९८३) मिनिटाला साधारण १३० ठोक्यांचं. त्यातल्या बेस ड्रमच्या धावत्या ठोक्यांमधलं अंतर जेमतेम ११५ मिलिसेकंद. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रे असलेल्या हॉलमध्ये टाळी वाजवून पाहा. घुमारा दोन सेकंद टिकत असेल, तर हे ठोके एकमेकांवर चढून नुसता गडगडाट होणार. मागच्या भिंतीला जाड कनात दुहेरी चुण्या घालून लावा, खुर्च्यांखाली सतरंज्या अंथरा. मिक्सरवरचा ‘इको’ पूर्ण बंद. भाषणासाठी तो कुणीतरी हमखास चालू ठेवलेला असतो.

दोनेकशे माणसांना बारा इंची दोन पेट्या आणि अठरा इंची एक सबवूफर पुरतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका, तिथे बेस फुगतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा.

सर्वांत जास्त घोळ संवादांचा होतो. ५.१ आवाजात (पाच पेट्या आणि एक सबवूफर) बोलणं मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतं. आपण जोडतो दोन पेट्या आणि लॅपटॉप राहतो ५.१ वर. मग गाणी दणदणीत आणि फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीच्या टोनी विल्सनची भूमिका करणारा स्टीव्ह कूगन तोंडातल्या तोंडात पुटपुटतोय असं वाटतं. इथे आवाज वाढवून काही होत नाही, सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’ निवडा. चार्जर लावताच गुणगुण सुरू झाली तर लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या, तरीही राहिली तर मध्ये आयसोलेटर (गुणगुण अडवणारी जोडणी) घाला. अर्थिंगची पिन मात्र कुणी तोडू नये. मराठी सबटायटल्स हवीतच, कारण मँचेस्टरचे उच्चार इंग्रजी शिकलेल्यांनाही झेपत नाहीत. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. जोडाक्षरं तुटतात का, तेही आदल्या दिवशीच बघा.

रॉबी म्युलरचं छायाचित्रण डिजिटल, मुद्दाम खरबरीत आहे. प्रोजेक्टरचा शार्पनेस खाली आणा. आणि पत्र्यांचा हॉल असेल तर जून ते सप्टेंबर विसरा. खानापूरच्या पावसापुढे कुठलाच ॲम्प्लिफायर टिकत नाही.

चित्रपट इतिहास म्हणून दाखवू नये. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा ४ जून १९७६ चा कार्यक्रम, जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिसचा १८ मे १९८० चा मृत्यू, १९९२ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सचं दिवाळं, हे सगळं घडलेलं. पण स्वतःवरच्याच एका प्रसंगात खुद्द गायक हॉवर्ड डेव्होटो सफाई कामगार बनून येतो आणि असं काही घडल्याचं आपल्याला आठवत नाही, असं कॅमेऱ्याकडे बघून सांगतो! आमच्या मते चित्रपटातली सर्वांत प्रामाणिक जागा ती. नशा, नग्नता आणि आत्महत्या असल्याने प्रेक्षक प्रौढच असावेत आणि तसं फलकावर लिहावं. जाहीर खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते, घरची डिस्क चालत नाही.

गंमत म्हणजे चित्रपटातला हॅसिएंडा क्लब (१९८२ ते १९९७) मुळात बोटींचं शोरूम होता आणि तिथल्या आवाजाबद्दलही बँडवाल्यांची कुरकुर असेच.

आपले,
ध्वनियंत्रणा चालवणारे दोन वाचक,
टिळकवाडी, बेळगाव