गुरुवारच्या त्या शंभर प्रश्नांबद्दल

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

नोव्हेंबर लागला की न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आपल्या घरांतून मुलांच्या कॉलेजप्रवेशाची तीच विचारपूस सुरू होते. अर्ज गेला का, कधी कळणार, त्यांच्या मुलाने कुठे भरलाय. गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. अगदी रडवेली झाली होती. तिला काय सांगावं याचा विचार करताना लक्षात आलं, की माझ्याकडे सांगण्यासारखं जे काही आहे ते सगळं तुमच्याकडून आलंय, आणि तुमचे आभार मी कधी नीट मानलेच नाहीत. म्हणून हे पत्र, चारचौघांनाही वाचता यावं असं.

२०२४ ची दिवाळी ऐन एक नोव्हेंबरच्या तोंडावर आली होती. दारात कंदील लावायचा तसाच राहिला, कारण लेक लॅपटॉपसमोरून हलत नव्हती. अर्ली डिसिजनचा अर्ज म्हणजे एकाच कॉलेजला दिलेला शब्द: घेतलंत तर तिथेच येईन, बाकीचे अर्ज मागे घेईन. त्या करारावर तिची, पालक म्हणून माझी आणि शाळेच्या कौन्सेलरची सही. रात्री अकराला अर्ज गेला आणि मग सहा आठवडे कुणाच्याच हातात काही उरलं नाही.

मी बारावी केली साताऱ्यात. आमच्या वेळी वाट बघण्यालाही आकडा होता. टक्के हातात असायचे, कॉलेजच्या फळ्यावर यादी लागायची, बोट फिरवत आपलं नाव शोधायचं. रडू आलं तरी कशाने हुकलं ते कळायचं. इथे गुण, निबंध, शिफारसपत्रं, शाळेबाहेरचं काम असं सगळं एकत्र वाचून ठरवतात, आणि नाही म्हणाले तर का ते सांगत नाहीत. मला ते झेपेना. मी रात्री जागून इतरांच्या मुलांचे स्कोअर वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवताना तिला ऐकवायचे. ती ताट अर्धं टाकून उठायची. माझ्या काळजीचं ओझं मी तिच्यावर टाकत होते आणि ते मला दिसत नव्हतं.

तुम्हाला दिसलं. तुम्ही मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलंत, "माझ्या नातवाच्या वेळी आम्ही चार मोठ्या माणसांनी मिळून त्या पोराला रोज विचारून विचारून पार सुकवलं. तू तसं करू नकोस. रविवारी सकाळी वीस मिनिटं काय बोलायचं ते बोला. एरवी कॉलेज हा शब्द घरात नको." इतकं स्पष्ट मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मला राग आला होता काकू, खरं सांगते. पण त्या रात्री तिने पूर्ण जेवण केलं.

दुसरी गोष्ट तुम्ही तिला सांगितलीत. नातवाने बाकीचे अर्ज निकालानंतरसाठी ठेवले होते. डिसेंबरच्या मध्यावर नकार आला आणि एक जानेवारीच्या मुदतीसाठी त्याने सगळे निबंध नाताळच्या सुट्टीत, मोडलेल्या मनाने लिहिले. "तुझे आत्ता लिही, मन शाबूत आहे तोवर," म्हणालात. तिने थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणापर्यंत, सात अर्जांचे निबंध लिहून ठेवले. कुठल्याही सल्लागाराने याहून उपयोगाचं काही सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

आणि मग ते गुरुवार. तुम्हाला स्वतःला अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीचं पत्र आलं होतं. तेव्हाच्या नियमाने शंभर प्रश्नांतले दहापर्यंत विचारणार होते, सहा बरोबर यायला हवे होते. तुमची ती दोनशे पानी वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रश्न मराठीत, उत्तरं इंग्रजी पण देवनागरीत लिहिलेली, निळ्या शाईत. 'ट्वेंटी सेव्हन' खाली दोनदा रेघ, कारण घटनादुरुस्त्या किती हे तुम्ही दरवेळी विसरायचात. दर गुरुवारी लेक समोर बसून प्रश्न विचारणारा अधिकारी व्हायची. तुम्ही सर्वांत लांब नदी म्हणून मिसिसिपी म्हणालात की ती विचारायची, "आजी, दुसरी कुठली चालेल?" मग तुम्ही डोळे मिटून "मिसुरी" म्हणायचात. तिसऱ्या गुरुवारी मी दारातून बघत होते. ती हसत होती. कितीतरी दिवसांनी तिला कुणाच्या तरी परीक्षेची काळजी होती, आणि ती परीक्षा तिची नव्हती. तुम्हाला खरंच मदत हवी होती म्हणूनच ते साधलं. नुसतं तिचं मन रमवायला केलं असतं, तर तिने दोन दिवसांत ओळखलं असतं.

निकाल संध्याकाळी सातला येणार होता, म्हणजे साताऱ्यात पहाटेचे साडेपाच. माझी आई तिकडे उठून बसणार होती, व्हिडिओ कॉल लावून. तुम्ही विचारलंत, "कुणाबरोबर बघायचंय हे पोरीला विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं. विचारलं, तर ती म्हणाली, एकटीनेच. दार लावून तिने बघितलं. आम्ही बाहेर जिन्यावर बसलो होतो.

डिफर. होही नाही, नाहीही नाही. अर्ज मार्चच्या गठ्ठ्यात ढकललेला. ती बाहेर आली, तुमच्याशेजारी पायरीवर बसली आणि बराच वेळ रडली. "काही होत नाही", "जे होतं ते चांगल्यासाठी", असलं एक वाक्यही तुम्ही बोलला नाहीत. पाठीवरून हात फिरवत राहिलात. माझ्या तोंडून तेच निघणार होतं. तुमच्याकडे बघून मी गप्प राहिले.

जानेवारीत नेवार्कला तुमची मुलाखत झाली. तुम्ही बाहेर येऊन पहिला फोन तिला केलात, घरच्यांनाही नंतर. मार्चअखेर तिला नकार आला तेव्हा ती एक दिवस गप्प होती, मग उठली आणि हातात असलेल्या कॉलेजांचा खर्च मांडायला बसली. आता ती रटगर्स विद्यापीठात आहे, घरापासून अर्ध्या तासावर, आणि तिथल्या प्रयोगशाळेबद्दल बोलायला लागली की थांबत नाही.

मैत्रिणीला मी तुमचा रविवारचा नियम सांगितला आणि बाकीचे निबंध आत्ताच लिहून घे म्हणाले. गुरुवारांचं काय सांगावं ते मात्र कळेना, कारण तुम्ही मला मिळालात तशा तिला कुठून मिळणार?

तुमची वही अजून लेकीच्याच खोलीत आहे. थँक्सगिव्हिंगला घरी आली की स्वतः आणून देणार आहे म्हणते. त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला या.

तुमची,
समोरच्या घरातली सूनबाई